वाकळ उपाशी जाऊ नये म्हणून

नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा आमच्या घरातली पहिली वस्तू परदेशी गेली. ती वस्तू म्हणजे एक गोधडी. माणसांपैकी सगळ्यांत लांब मी गेलो होतो, बेळगावला, आणि तिथलं पाणी बाधलं म्हणून दुसऱ्याच दिवशी परत आलो होतो. त्यामुळे परदेशाशी व्यापार करायला आमच्या घरात माझ्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता, हे उघडच आहे.

मी तेव्हा कुपवाडला, पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. मालकांनी हौसेनं संगणक आणला. त्याला वेगळी खोली, खोलीला पडदा, आत जाताना चपला बाहेर. आमच्या देवघरालाही एवढं सोवळं नव्हतं. पण त्याच्यापुढे बसायला कुणी तयार होईना. बिघडला तर काय घ्या, असं प्रत्येकाला वाटायचं. स्टोअरमध्ये मी जरा रिकामा दिसायचो, म्हणून मला बसवलं. बसता बसता मला तो आवडायला लागला. पुढे सांगलीत नेट कॅफे निघालं, तशी सुट्टीच्या दिवशी माझी पावलं तिकडे वळायला लागली. ‘हे वयात आलं की असंच व्हतं,’ असं बायको माहेरच्या बोलीत शेजारणींना सांगायची. मी पंचेचाळिशीत होतो.

बायकोचं माहेर उंब्रजचं. तिथे सासूबाई, त्यांची धाकटी जाऊ आणि शेजारच्या एक मावशी दुपारच्या वेळी गोधड्या शिवायच्या. आम्ही सांगलीला गोधडी म्हणतो, उंब्रजला वाकळ. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, एकेका कोपऱ्याला एकेक बाई बसायची आणि कडेकडेनं बारीक टाके घालत मधोमध येऊन भेटायचं. बायको माहेरी गेली की चौथा कोपरा तिचा. एरवी तो कोपरा रिकामा असायचा आणि तिथे एक मांजर बसायचं.

या गोधड्या मी संगणकावर विकायला काढल्या. कॅफेवाल्याच्या मदतीनं एक पान तयार केलं, त्यावर गोधडीचा फोटो चढवला. तो आडवा चढला. गोधडीला आडवं-उभं नसतं, त्यामुळे तिचं निभावलं. पण गोधडी धरून उभी असलेली बायकोही आडवी दिसायला लागली. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं विचारलंसुद्धा, “त्या बाई निजल्या आहेत, त्यांच्यासकट पाठवणार का?” फोटो सरळ कसा करायचा हे मला कळेपर्यंत तीन-चार गोधड्या विकल्या गेल्या होत्या आणि बायको माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

पुणं, मुंबई, नाशिक असं महिन्याकाठी एखाददुसरं गिऱ्हाईक लागायचं. बायको गोधडी मांजरपाटात घालून चारी बाजूंनी शिवायची, मी त्यावर लाखेचे ठिपके द्यायचो, बोटं भाजून घ्यायचो आणि पोस्टात नेऊन द्यायचो. एवढाच आमचा पसारा होता, आणि तो मला फार मोठा वाटायचा.

अशात एक दिवस अमेरिकेहून मेल आली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेली. ‘काका, तुम्ही परदेशी पाठवता का?’

पाठवत नव्हतो. पण ‘काका’ या शब्दानं आणि ‘परदेशी’ या शब्दानं मिळून माझी मती गुंग केली. मी लगेच ‘हो’ कळवलं, आणि त्याच बैठकीत आमच्या पानावर एक ओळ वाढवली : ‘जगभर पोहोचवू.’ परदेशी पार्सलाची खिडकी सांगलीच्या पोस्टात नेमकी कुठली, हे विचारायला मी दुसऱ्या दिवशी गेलो.

ती मुलगी पलूसची. लग्न होऊन अमेरिकेच्या उत्तरेला, बर्फाच्या मुलखात राहायला गेलेली. पहिलटकरीण, पाचवा महिना लागलेला. तिची आई आदल्या वर्षी गेली होती, आणि हिला यायला जमलं नव्हतं. तिला नवी गोधडी नकोच होती. आईची लुगडी पलूसला भावाकडे होती, त्यांची गोधडी करून पाठवा, एवढंच तिचं म्हणणं. बाळ आलं की त्याला आजीच्या लुगड्यात घ्यायचं होतं.

भाऊ मोटारसायकलवरून गाठोडं घेऊन आला. मितभाषी माणूस. गाठोडं आमच्या कॉटवर ठेवलं आणि त्यावरचा हात काही त्यानं लवकर काढला नाही.

“सगळी आणलीत?” बायकोनं विचारलं.

“सगळी. एक ठेवणार होतो, पण बहिणीला गोधडी लहान पडायला नको.” मग दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, “आता आईचं असं दुसरं काही राहिलेलं नाही, वहिनी. जपून.”

त्या ‘जपून’चं ओझं मला त्या दिवशी फारसं कळलं नाही. मी ‘जगभर’च्या धुंदीत होतो.

गाठोडं उंब्रजला गेलं. बायको मुद्दाम आठ दिवस जाऊन राहिली आणि चारही कोपऱ्यांवर माणसं बसली. मांजराला उठवलं. गोधडी झाली ती अशी, की मीसुद्धा हात पुसून मग तिला हात लावला. एक हिरवं इरकली लुगडं मधोमध होतं आणि कडेला फिकट झालेली रोजच्या वापरातली, त्या बाईनं शेतात-घरात नेसलेली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या सासूबाई वाकळ पुरी करताना शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत भाकरीचा एक वाळका तुकडा घालायच्या. वाकळ उपाशी ठेवायची नाही, पोट भरलेली वाकळ पांघरणाऱ्याला उपाशी निजू देत नाही, असं त्यांच्या आईनं त्यांना सांगितलेलं. हे मला लग्नापासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि सुचणं वेगळं. पोस्टातल्या कागदावर ‘आत खाण्याचा पदार्थ आहे काय?’ असा प्रश्न आला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे चिवडा आला, लाडू आले, लोणच्याची बरणी आली. मी ठळक अक्षरात ‘नाही’ लिहिलं आणि अक्षर बरं आलं म्हणून दोनदा पाहून घेतलं.

बऱ्याच दिवसांनी मेल आली. मला वाटलं, पोचल्याची असेल. मी कॅफेवाल्याला चहा सांगून मग ती उघडली.

गोधडी पोचली नव्हती. तिकडच्या तपासणीच्या जागी परदेशी टपाल हुंगायला कुत्री असतात म्हणे. आमच्या पार्सलापाशी आलं, तसं एक कुत्रं खाली बसलं आणि उठेचना. त्याचा अर्थ, आत खाण्याची वस्तू आहे. त्या देशात बाहेरचं धान्य, बी-बियाणं जाऊ देत नाहीत, पिकांवर कीड येते म्हणून. नियमाप्रमाणे अशी वस्तू भट्टीत घालतात. या मुलीनं फोन करकरून तिथल्या एका अधिकारी बाईंना गाठलं, आईची लुगडी आहेत हे सांगितलं. त्या बाईंनी एवढी सवलत दिली, की आत काय काय आहे आणि कुठे आहे, ते बनवणाऱ्यांनी पुढच्या सोमवारपर्यंत लिहून द्यावं. तेवढं आम्ही कापून काढू. पण सांगितल्यापेक्षा एक दाणा जरी जास्त निघाला, तर गोधडी परत मिळणार नाही.

मेलच्या शेवटी होतं : ‘काका, आत काय आहे?’

चहा तसाच राहिला. पलूसच्या त्या माणसाचा गाठोड्यावरचा हात मला पहिल्यांदा नीट दिसला.

उत्तर मला ठाऊकच होतं म्हणा. भाकरीचा तुकडा, एका कोपऱ्यात. पण कुठल्या कोपऱ्यात? ते विचारायला उंब्रजला फोन करायचा, तर तो वाण्याच्या दुकानात. तिथे सगळ्या गावासमोर वाकळेतल्या भाकरीची चौकशी कशी करणार? मी रजा टाकली आणि बायकोला घेऊन एस.टी.त बसलो. सगळ्या वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती. कऱ्हाडच्या स्टँडवर भजी घेतली, तर तीही तिनं खाल्ली नाहीत. बिचारी माझ्या काळजीनं खंगतेय, असं वाटून मला भरून आलं आणि तिच्या वाटची भजी मीच खाल्ली.

सोप्यात नवी वाकळ अंथरलेली होती, तिघी आपापल्या कोपऱ्यावर होत्या. बायको पदर खोचून आपल्या कोपऱ्यावर जाऊन बसली. मी मध्ये उभं राहून सगळं सांगितलं. कुत्र्यापाशी आल्यावर सासूबाईंनी हात वर केला.

“थांबा. कुत्रं बसलं म्हंजी?”

“वास आला त्याला, आई. भाकरीचा.”

“मग भुकेजलेलं आसंल वो मुकं जनावर. तुकडा टाकायचा व्हता त्याला.”

“सरकारी कुत्रं आहे ते. खात नाही, फक्त सांगतं.”

“आगं बया,” शेजारच्या मावशी म्हणाल्या, “आमच्या जावेवानी.”

मी हसलो नाही. भट्टीचं सांगितलं, आणि त्या आईचं दुसरं काहीच उरलेलं नाही, हेही सांगितलं. तशी सुयांची हालचाल थांबली.

“येकच तुकडा,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या कोपऱ्यात. म्या सोता घातला, भाकरीचा. लिवा.”

मी लिहिलं. सुटलो असं वाटून पेन खिशाला लावणार, एवढ्यात धाकट्या जाऊबाई खाली बघूनच बोलल्या, “पाव्हनं, समजा हां... निस्तं समजा... दुसऱ्या कोपऱ्यात चार तांदळं आसली, तर?”

“समजा म्हणजे?”

“म्हंजी समजू नगा. हायेतच.”

“काय गं?” सासूबाई कडाडल्या. “कवा घातलीस?”

“तुमी पानी प्यायला उठला, तवा. कुकू लावून घातली. पोर दोनजिवाची, आन् तिला आई न्हाई. म्हनलं, जाऊ द्या चार दानं.”

“मला सांगायला काय झालं व्हतं?”

“तुमी म्हनला आसता, वाकळ येकाच कोपऱ्यातनं जेवती.”

“जेवतीच येका कोपऱ्यातनं!”

“मंग आता माझंबी लिवून घ्या बाबा,” मावशींनी सुस्कारा सोडला. “हळकुंड हाय. ल्हान हाय पर. बोटाच्या पेराएवढं.”

“वाकळ हाय का वाण्याची पिशवी!” सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

मी भाकरीखाली तांदूळ लिहिले, तांदळाखाली हळकुंड लिहिलं. एक तुकडा म्हणून सांगायला निघालेला मी. एवढं वाचून ती अधिकारी बाई गोधडी सरळ भट्टीतच टाकेल, असं वाटायला लागलं. कागदाची घडी घातली.

“थांबा,” चौथ्या कोपऱ्यातून आवाज आला.

मी बायकोकडे बघितलं. भज्यांचं कोडं त्या क्षणी सुटलं.

“काय?”

“खोबऱ्याचा तुकडा,” ती म्हणाली. “आणि एक खारीक.”

“बी काढलेली?”

“बी काढून ओटीत खारीक कोण घालतं?”

“अगं, पोस्टात मी ‘खाण्याचा पदार्थ नाही’ असं लिहीत होतो, तेव्हा तू शेजारी उभी होतीस!”

“तुम्ही मला विचारलंत कुठे? तुम्ही तुमचं इंग्रजीत पुटपुटत होतात. मला वाटलं, तुम्हाला सगळं कळतंय.”

धाकट्या जाऊबाई आणि मावशी एकदम हसल्या, मग हसू विझलं आणि सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. आता त्या तिघींचा उद्धार होणार, मीही त्यात सापडणार, म्हणून मी जरा खांबाकडे सरकलो. पण सासूबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या. तांदूळ, हळकुंड, खोबरं, खारीक.

“म्हंजी वटी भरली की गं पोरीची,” त्या म्हणाल्या. मग डोळ्याला पदर लावला, आणि तसाच लावलेला ठेवून पुढे म्हणाल्या, “आन् मला कुनीच सांगितलं न्हाई. सांगितलं आसतं, तर सुपारी म्या घातली नसती व्हय?”

“नाही घातली तेच देवानं बरं केलं, आई,” मी म्हणालो. तेवढ्यात मला वाटायला लागलं, नुसती भाकरी कळवावी का? बाकीचं कदाचित सापडायचंही नाही. मी तसं बोलूनही दाखवलं.

“सगळं लिहा,” बायको म्हणाली. “आणि का घातलं, तेही लिहा. त्या बाईलाही आई असेलच की.”

मधल्या भागात कुणी काही घातलंय का, हे मी चौघींना परत परत विचारलं. सासूबाईंनी कुलदैवताची शपथ घेऊन सांगितलं, “मधी निस्ती लुगडी.” कुठल्या कोपऱ्यात काय, हे कळवायचा प्रश्नही उरला नाही. चारही कोपरे आम्ही आधीच भरून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सांगलीला कॅफेत बसून मी ते इंग्रजीत लिहिलं. हळकुंड जमलं, खारीक जमली. ‘ओटी’ला इंग्रजी शब्द सापडेना. कॅफेवाला, मी आणि तिथे परीक्षेचा निकाल बघायला आलेले एक मास्तर, तिघांनी डोकं खाजवलं. शेवटी जे होतं ते साध्या वाक्यांत लिहिलं : आमच्याकडे मुलगी गरोदर असली, की तिची आई तिच्या पदरात धान्य आणि फळं घालते. या मुलीची आई हयात नाही. गोधडी शिवणाऱ्या चार बायकांनी एकमेकींना न सांगता ते घातलं. चारही कोपरे उघडावेत. मध्ये काही नाही. चुकीबद्दल क्षमा असावी. कॅफेवाल्यानं त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला नाही, हेही खरंच सांगतो.

ते पत्र त्या मुलीलाच पाठवलं, तिनं पुढे द्यावं म्हणून. पाठवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की तिलाही हे आत्ताच कळणार आहे.

सोमवार गेला. मंगळवारी काही नाही. बुधवारी कारखान्यात मी बेअरिंगच्या जागी वॉशर दिले आणि शिव्या खाल्ल्या. पलूसला तिच्या भावाला काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत होतो आणि एकही पुरं होत नव्हतं. बायको रोज संध्याकाळी दारात उभी असायची. मी सायकल लावेपर्यंत माझा चेहरा वाचून आत जायची.

गुरुवारी मेल होती. लांबलचक.

नवऱ्याला घेऊन ती स्वतः त्या ऑफिसात गेली होती. त्या अधिकारी बाई चांगल्या पोक्त होत्या. त्यांनी पत्र वाचलेलं होतं, हातात ठेवलेलं होतं. लोखंडी टेबलावर गोधडी अंथरली, हातमोजे घातले आणि छोट्या पात्यानं कोपऱ्याचे टाके एकेक करून उसवले. लुगड्याला कुठेही पातं लागू दिलं नाही. कोपऱ्यातून जे निघेल, ते हिच्यापुढे पांढऱ्या कागदावर मांडायचं आणि हे काय, म्हणून विचारायचं. हिनं सांगायचं : भाकरी. तांदूळ. हळकुंड. खोबरं, खारीक. सगळं पत्रातल्याप्रमाणे निघालं. मग त्यांनी कुत्र्याला परत आणलं. ते गोधडीभोवती फिरलं, शेपूट हलवली आणि निघून गेलं.

कागदावरचं सगळं त्यांना नष्ट करावंच लागणार होतं. पण त्याआधी, मुलीनं लिहिलं होतं, त्या बाई म्हणाल्या, तुला हवा तेवढा वेळ हे बघून घे. आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

‘काका, मी गाडीत बसून आधी चारही कोपरे हुंगले. एकात हळदीचा वास राहिलाय. त्या चौघींना माझा नमस्कार सांगा. मी त्यांना बघितलेलं नाही, त्यांची नावंही मला माहीत नाहीत.’

ही मेल मी कागदावर उतरवून घेतली आणि रविवारी उंब्रजला मोठ्यानं वाचली. दोनदा वाचायला लावली. खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, इथे आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “त्या बाईला लेकी आसत्याल.” असतील, नसतील. मी त्या बाईंना कधी पाहिलं नाही, आभारही त्या मुलीमार्फतच कळवले. पण आमच्या घरात आजही परदेशातल्या सरकारी माणसाबद्दल कुणी वावगं बोललं, तर बायको त्याला चहा देत नाही. आणि खरं सांगायचं तर मी त्या कुत्र्याचाही आभारी आहे. ते बसलं नसतं, तर त्या मुलीला आपली ओटी भरली गेलीय हे कधी कळलंच नसतं. ती कोपऱ्यात शिवलेली, मुकी राहिली असती.

मुलीनं शेवटी विचारलं होतं, कोपरे आता रिकामे आहेत, काय घालू? सासूबाईंना उत्तर द्यायला विचार करावा लागला नाही.

“तिच्या चुलीवर जे शिजतंय, ते. वाकळ आता तिच्या घरची. तिनंच जेवू घालायचं.”

मी ते मेलनं कळवलं. तिला मुलगी झाली, आणि बाळाला त्या गोधडीत गुंडाळल्याचा फोटोही पुढे आला. तो मी भावाला पलूसला नेऊन दिला. त्यानं तो खिशात ठेवला नाही, हातातच धरून मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आला.

नंतर तिनं तिच्या मैत्रिणींना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला सांगितलं. बाहेरदेशी वर्षाकाठी थोड्या गोधड्या जायला लागल्या. धंदा म्हणावा एवढं काही ते वाढलं नाही. ‘जगभर’ म्हणजे आमच्या बाबतीत चार-पाच देश. पण सासूबाईंनी त्यासाठी एक पद्धत घालून दिली. परदेशी जाणाऱ्या वाकळेचा एक कोपरा उघडा ठेवायचा, त्यात दोरा ओवलेली सुई टोचून ठेवायची, आणि सोबत मी चिठ्ठी लिहायची, की तुमच्या घरचा घास आत घाला आणि शिवून टाका. पोस्टातल्या कागदावर आता मी सुईसुद्धा लिहितो.

लोक काय घातलं ते कळवायचे. मस्कतहून एकानं खजूर घातल्याचं लिहिलं. एका घरी आजोबांच्या हट्टानं शेवेचे दोन दाणे गेले. आणि लंडनच्या एका बाईनं कळवलं, घरात दुसरं काही नव्हतं म्हणून बिस्किट घातलं. ते ऐकून सासूबाई कोपऱ्यावरचे टाके घालत राहिल्या, दोरा दातानं तोडला.

“बिस्किट,” त्या शेवटी म्हणाल्या. “आसू द्या. च्यात बुडवून न्हाई घातलं, लय झालं.”